मागे राहिलेला पाच

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यांच्या सीमा नद्या-डोंगर ठरवत असत आणि मेंढपाळांना तर सीमा अशी नव्हतीच. पावसाळाभर ते डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत राहत. थंडी पडू लागली आणि माथ्यावरचं गवत वाळलं, की कळप घेऊन खिंडीतून खाली उतरत. उन्हाळा सरता सरता पुन्हा वर चढत. वर्षातून दोनदा तीच खिंड आणि तीच वाट.

या मेंढपाळांमध्ये धुळा नावाचा एक तरुण होता. कामसू, मनाचा मोकळा आणि हट्टाला पक्का. मेंढराच्या नुसत्या खोकण्यावरून तो सांगे, की याने काय खाल्लंय. त्याच्या बायकोचं नाव ठकू. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

धुळ्याला मेंढरं राखायला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बापाचा एक नेम होता. संध्याकाळी काट्यांच्या वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, दारात पाय फाकून उभं राहायचं, एकेक मेंढरू आत सोडायचं आणि मोजायचं. शेवटचं मेंढरू आत आल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. कधी एखादं कमी भरे आणि लहानगा धुळा रडकुंडीला येई. मग बाप म्हणे, "घाबरू नगं. बाकीची समदी आत आली न्हवं? मग आता येनार ते मागं राहिलेलंच. तू दार सोडू नगंस."

आणि खरंच, थोड्या वेळाने ते मेंढरू कुठल्या तरी झुडपातून खाली मान घालून येई. धुळ्याने ही गोष्ट मनात पक्की बांधून ठेवली. मेंढपाळाला ती हवीच. घोटाळा इतकाच झाला, की ती त्याने मेंढरांपुरती ठेवली नाही.

खिंडीच्या पायथ्याशी नांद्रुकीचं एक जुनं झाड होतं. झाडाखाली एक सपाट दगड आणि दगडापाशी बसलेला एक फासेवाला. पांढऱ्या मिशांचा, मऊ बोलण्याचा माणूस. त्याच्याजवळ हाडाचा, सहा तोंडांचा एकच फासा होता. एका तोंडावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, असे सहापर्यंत. खेळ अगदी सोपा. आपण एक आकडा बोलायचा, आपल्याच हाताने फासा टाकायचा. बोललेला आकडा पडला तर फासेवाला चार देणार. नाही पडला तर आपण लावलेलं एक त्याचं झालं.

मेंढपाळांपाशी लावायला मेंढरांशिवाय दुसरं काय असणार? म्हणून तिथे मेंढरंच लावली जात. झाडामागे फासेवाल्याचं मोठं वाडगं होतं, आणि ते कधी रिकामं नसे.

फासेवाला लबाड असणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण तसं नव्हतं. फाशात शिसं नव्हतं, की त्याच्या हातात चलाखी नव्हती. तो फाशाला बोटसुद्धा लावत नसे. चार म्हटले की चार देई, एकही कमी नाही. इतकंच काय, त्या सपाट दगडावर त्याने ओळीने सहा खळगे कोरले होते. जो आकडा पडेल त्याच्या खळग्यात तो एक खडा टाकी, आणि अधूनमधून सगळे खळगे रिकामे करून नव्याने सुरू करी.

"काय काय येऊन गेलं ते समद्यांना दिसावं," तो म्हणे. "माझ्यापाशी झाकपाक न्हाई."

धुळ्याचं लग्न झालं त्या वर्षी तो ठकूला घेऊन पहिल्यांदा त्या झाडाखाली थांबला. दगडावरचे पाच खळगे खड्यांनी भरत आले होते आणि एक अगदी रिकामा होता. पाचाचा. धुळ्याच्या डोळ्यांपुढे बापाचं वाडगं आलं. बाकीची सगळी आत आली, मागे राहिलंय ते पाच. म्हणजे आता येणार ते पाचच. त्याने एक मेंढरू लावलं, "पाच" म्हणाला आणि फासा टाकला.

पाच पडले.

फासेवाल्याने चार मेंढरं काढून दिली. त्यातलं एक नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं, आईवेगळं आणि थरथरणारं. ठकूने ते पदराखाली घेतलं आणि दुधात बोट बुडवून पाजत पाजत खाली नेलं. त्याच मुक्कामी तिने दाभण काढलं, जुन्या लुगड्याच्या काठातला तांबडा धागा उसवला आणि नवऱ्याच्या काळ्या घोंगडीच्या कोपऱ्यात एक टाका घातला.

"हे काय?" धुळ्याने हसत विचारलं.

"आठवन," ठकू म्हणाली.

ते कोकरू मोठं झालं आणि कळपाची म्होरकी झालं. म्होरकी म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारी मेंढी. ती पाण्यात उतरली तर कळप उतरतो, ती थबकली तर कळप थबकतो. धुळ्याने तिच्या गळ्यात पितळेची घंटा बांधली. घंटा वाजली की त्याला ते दान आठवे, आणि जो भेटेल त्याला तो सांगे, "ही एका फाशात मिळाली बरं का. एक लावलं, चार आली!"

त्यानंतर प्रत्येक खेपेला तो नांद्रुकीखाली थांबायचा. आधी खळगे बघायचे. कुठला आकडा मागे राहिलाय ते हेरायचं आणि त्याच्यावर मेंढरं लावायची. कधी लागायचं, तेव्हा तो चारही मेंढरांना नावं द्यायचा आणि त्या दानाची गोष्ट वर्षभर सांगायचा. बहुतेक वेळा लागायचं नाही. तेव्हा तो म्हणायचा, "जाऊ दे, एकच तर गेलं." हरलेल्या मेंढरांच्या गळ्यात घंटा नव्हती, त्यामुळे ती आठवणीतूनही गपचूप निघून जात.

ठकू कळपापाशी बसून लांबून बघत राही. मुक्कामाला पोचलं की दाभण काढी. लागलं असेल त्या फाशाला तांबडा टाका, गेलं असेल त्या फाशाला पांढरा. कोपऱ्यातून निघालेली टाक्यांची ओळ घोंगडीच्या काठाने पुढे पुढे सरकत गेली. धुळ्याला वाटे, बायको नक्षी काढतेय. तो कोपरा त्याच्या गळ्यापाशी यायचा, त्यामुळे पहिला तांबडा टाका त्याला रोज दिसे. बाकीची ओळ पाठीमागे जाई आणि पाठीमागचं कोण बघतंय!

अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी थंडी लवकर पडली. माथ्यावरचं गवत एका पंधरवड्यात करपलं. धुळा बहात्तर मेंढरं घेऊन खिंड उतरला. पुढचे कळप आधीच खाली गेले होते. तीन दिवसांत खालच्या कुरणाला पोचलो नाही, तर आपल्या वाट्याला नुसती मुळं राहणार, हे त्याला कळत होतं. ठकू म्हणालीसुद्धा, "आवं, आज न थांबता गेलं तर न्हाई का चालायचं?"

"नुसतं बघून येतो," धुळा म्हणाला.

नांद्रुकीखाली दगडावर पाचाचा खळगा रिकामा होता. साफ रिकामा. बाकीच्या खळग्यांतून खडे ओसंडत होते.

"या पाव्हणं," फासेवाला म्हणाला. "आज तिसरा दिवस. पाच काय पडत न्हाई बगा."

तो खोटं बोलत नव्हता. पण धुळ्याच्या कानाला ते दुसरंच ऐकू आलं. त्याला ऐकू आलं, की पाच वाटेवर आहे, आता येईलच.

त्याने एक मेंढरू लावलं. दोन पडले. दुसरं लावलं. सहा पडले. तिसऱ्याला पुन्हा दोन. प्रत्येक हरलेल्या फाशानंतर त्याची खात्री कमी व्हायला हवी होती, ती वाढतच गेली. जितका उशीर होईल तितकं मागचं मेंढरू जवळ आलेलं असणार, हा त्याचा हिशेब. आठवं गेलं, नववं गेलं. अकरावं मेंढरू गेलं तेव्हा त्याचं कपाळ घामाने निथळत होतं आणि पाचाचा खळगा तसाच कोरडा होता.

"बास करा आता," फासेवाला स्वतःहून म्हणाला.

"आता? आता कसं बास करू?" धुळा जवळजवळ ओरडला. "आता तर त्यो दारात आलाय! मामा, म्होरकी लावतो. पाच पडले तर आज गेलेली अकराच्या अकरा परत द्यायची."

फासेवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "बगा बरं. पुन्यांदा इचार करा."

"केला इचार."

"मग माझं काय जातंय? टाका."

एका मेंढीला अकरा मेंढरं, हे ऐकताना कसं भरघोस वाटतं. पण म्होरकी ही मोजायची एक मेंढी होती का? तिच्यामागे अख्खा कळप चालत होता. हे धुळ्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या घटकेला त्याला फक्त रिकामा खळगा दिसत होता. ठकू कळपापासून उठून धावत आली. "आवं, ती नगं! तिला म्या बोटानं दूध पाजलंय!" ती एवढं म्हणेपर्यंत फासा हातातून सुटला होता.

फासा दगडावर दोनदा उडाला, गरकन फिरला आणि थांबला.

तीन.

फासेवाल्याने एक खडा उचलला आणि शांतपणे तिसऱ्या खळग्यात टाकला. मग तो उठला, म्होरकीच्या गळ्यात दोरी घातली आणि तिला वाडग्यात नेलं. घंटा वाजत गेली. ती वाजली तशी कळपाने माना वर केल्या, आणि धुळ्याची उरलेली साठच्या साठ मेंढरं घंटेमागोमाग चालायला लागली.

"ही तुमची हायती," फासेवाला म्हणाला. "म्या फकस्त म्होरकी जिंकली. बाकीची घेऊन जावा."

घेऊन जावा म्हणणं सोपं होतं. धुळ्याने हाका घातल्या, काठी आपटली, दोन-चारांना उचलून वाटेला लावलं. ती चार पावलं जाऊन परत फिरत. तास गेला, दुसरा गेला, ऊन कललं. आजूबाजूला काट्यांशिवाय चरायला काही नव्हतं. खालच्या कुरणातलं गवत मात्र एकेका घटकेला दुसऱ्यांच्या मेंढरांच्या पोटात चाललं होतं. कळप इथेच राहिला तर आठवड्याभरात निम्मी मेंढरं मान टाकणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

"ऱ्हाऊ द्या आजची रात माझ्याच वाडग्यात," फासेवाला म्हणाला. "सकाळी बघू."

सूर्य डोंगराला टेकला. धुळा सवयीने वाडग्याच्या दारात पाय फाकून उभा राहिला आणि मोजायला लागला. मन थाऱ्यावर नव्हतं, पण तोंड मोजत होतं. वीस. तीस. पन्नास. साठ. साठ झाली तरी मेंढरं येतच होती. एकसष्ट. बासष्ट. सत्तर!

धुळा गोंधळला. तेवढ्यात एक कानफाटी मेंढी त्याच्या पायांमधून आत गेली. हिला तर मघाशी मोजली होती. त्याने वळून पाहिलं. कानफाटी तुरुतुरु वाडग्याच्या मागच्या बाजूला गेली, तिथल्या कुंपणाला पडलेल्या भगदाडातून बाहेर आली, वळसा घालून पुन्हा दारापाशी आली आणि त्याच्या पायांमधून तिसऱ्यांदा आत शिरली. तिच्यामागोमाग आणखी पाच-सहा तेच करत होती. आणि त्याची लंगडी मेंढी, जी रोज सगळ्यांत शेवटी यायची, ती लांब एका खडकापाशी उभी राहून पाला चावत होती. एकदाही दाराकडे आली नव्हती.

"ठके," तो म्हणाला, "मोजनी चुकतीया. आत गेलेली पुन्यांदा दारात येतायत."

"मग लंगडी कवा येनार?" ठकूने विचारलं.

"काय सांगावं? कानफाटी धा डाव आली तरी लंगडीची पाळी लागंल असं काय..." तो बोलता बोलता थांबला.

मेंढरं त्याच्या पायांमधून आत जात होती, भगदाडातून बाहेर पडत होती, पुन्हा येत होती. मग तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ठके, फाशाचं वाडगं असंच हाय गं. त्याला मागनं भगदाड हाय. आकडा पडला म्हंजी आत जाऊन बसला असं न्हाई. सहाच्या सहा दर खेपेला दारातच हुबे. आन म्या सात वर्सं म्हनतोय, पाच मागं राहिलाय, पाच मागं राहिलाय!"

ठकूने भगदाडात काट्याची फांदी रोवली, लंगडीला हाकून आणलं, तीन दगडांची चूल पेटवली आणि धुळ्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून उलटी करून त्याच्या मांडीवर ठेवली. मग दाभण काढून चुलीच्या उजेडात काठाला टाके घालायला लागली. एक, दोन, तीन... बारा टाके. बाराही पांढरे.

घोंगडीचा काठ धुळ्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. पहिला टाका तांबडा, तो ओळखीचा. त्याच्यापुढे पांढऱ्यांची रांग. मध्येच एक तांबडा, एके जागी लागोपाठ दोन तांबडे, आणि एके जागी अठरा पांढऱ्यांत एकही तांबडा नाही. ओळ तीन काठ फिरून चौथ्यावर आली होती.

"ही नक्षी न्हाई?" त्याने विचारलं.

"न्हाई. हे तुमचे फासे."

धुळ्याला मोठे आकडे तोंडाने सांभाळता येत नसत. त्याने वाडग्यातून ओंजळ ओंजळ लेंड्या आणल्या. पांढऱ्या टाक्याला एक लेंडी इकडे टाकली, कारण एक गेलं. तांबड्या टाक्याला चार लेंड्या तिकडे टाकल्या, कारण चार आली. काठ संपेपर्यंत तो हेच करत राहिला. पांढरे टाके अठ्ठ्याहत्तर निघाले आणि तांबडे पंधरा. इकडच्या ढिगात अठ्ठ्याहत्तर लेंड्या, तिकडच्या ढिगात साठ.

मग त्याने टाके पुन्हा बोटाने चाचपले. या वेळी सहा-सहाच्या जुडग्यांनी. कुठे सहात दोन तांबडे होते, कुठे एकही नव्हता, पण सगळा काठ मिळून सहात एक, एवढंच पडत होतं. सहा तोंडं, त्यातलं आपलं एक. यात गूढ असं काहीच नव्हतं. सहा वेळा टाकलं तर एकदा लागतं आणि पाचदा जातं. एकदाचे चार मिळतात आणि पाचदाची पाच जातात. दर सहा फाशांमागे एक मेंढरू फासेवाल्याच्या वाडग्यात राहतं. तो लबाडी कशाला करील? त्याला नुसतं बसून राहायचं होतं.

"तू मला सांगितलं का न्हाईस?" धुळ्याने विचारलं.

"दुसऱ्या साली सांगितलं व्हतं. तुमी म्हनालात, म्होरकी कुठनं आली ते इसरलीस व्हय? मग म्या बोलायचं सोडलं. म्हनलं, कवातरी काठ बगतील."

धुळ्याला फार लाज वाटली. म्होरकी पलीकडे दोरीला बांधलेली होती. मधूनच तिची घंटा वाजे आणि कळप हलके हलके ओरडून तिला ओ देई. ते ऐकून धुळा रडला, आणि ठकूने त्याला रडू दिलं.

सकाळी फासेवाला येऊन दगडापाशी बसला. त्याने खळग्यांवर जमलेली धूळ फुंकली. पाचाचा खळगा अजून रिकामाच होता.

"म्होरकी परत पायजेल?" तो म्हणाला. "माझ्या घरात अडवनूक न्हाई. दोन वाटा हायत. बारा मेंढरं रोख द्या आन घंटा वाजवत जावा. न्हाईतर फासा टाका. मोठी चीज हाय, म्हनून येका फाशाला चार मेंढरं द्यायची, आकडा लागो न लागो. तुमचा आकडा पडला की म्होरकी तुमची. चारात काम होऊन जाईल." आणि त्याने सहज रिकाम्या खळग्याकडे पाहिलं. "चौथा दिवस लागला आज."

धुळ्याचा हात शिवशिवला. खोटं कशाला सांगू, खूप शिवशिवला. चार मेंढरांत सुटका, आणि बारा म्हणजे केवढी तरी! डोळे आपसूक पाचाच्या खळग्याकडे गेले. त्याने घोंगडीचा काठ मुठीत धरला आणि अंगठ्याने एकेक टाका चाचपायला लागला. सहात एक. सहा फासे धरले तर चार-चार करून चोवीस मेंढरं. नशीब बरं असेल तर कमी, वाईट असेल तर काल बारा फासे लागोपाठ गेलेच होते.

"मामा," तो म्हणाला, "तिसरी वाट इचारतो. आज तुमी आकडा बोला आन तुमीच फासा टाका. लागला तर म्या चार देतो, न्हाई लागला तर तुमी येक द्या. धा-वीस डाव खेळू. बगा, पाच कवाधरनं आला न्हाई."

फासेवाला पहिल्यांदाच मनापासून हसला. "न्हाई बा. म्या फासा टाकत न्हाई. माझ्या बापानंबी कदी टाकला न्हाई."

"का?"

"दगडापाशी बसनाऱ्यानं टाकायचा नसतो."

"मग म्याबी टाकत न्हाई," धुळा म्हणाला, आणि वाडग्यात शिरून मेंढरं निवडायला लागला.

बारा मेंढरं स्वतःच्या हाताने काढून देणं सोपं नसतं. फाशाने नेलेलं मेंढरू आपण दिलं असं वाटत नाही. ही बारा तो ओळखून, नाव घेऊन, पाठीवरून हात फिरवून देत होता. बाराव्याला त्याचा हात थबकला, पण त्याने तेही दिलं. मग म्होरकीची दोरी सोडली. घंटा वाजली आणि उरलेला कळप तिच्यामागे वाटेला लागला. बहात्तर मेंढरं आणली होती, एकोणपन्नास घेऊन तो निघाला.

जेमतेम वीस पावलं गेला असेल, तोच मागून आणखी एक मेंढपाळ खिंड उतरून आला. त्याने खळगे पाहिले, मोठ्याने "पाच!" म्हणाला आणि फासा टाकला. झाडाखालून आरोळी उठली.

पाच पडले होते.

ठकूचे पाय थांबले. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हाच फासा त्याने टाकला असता तर बारातली आठ मेंढरं वाचली असती आणि घंटा तशीच वाजली असती. धुळ्याने मागे वळून पाहिलं. तो मेंढपाळ आनंदाने नाचत होता, चार मेंढरं कवटाळत होता, आणि धुळ्याला त्याच्यात सात वर्षांपूर्वीचा आपणच दिसला. त्याला त्याचा हेवा वाटला नाही. त्याला त्याची काळजी वाटली.

"ए भावा!" त्याने हाक मारली. "घरी गेलास की घोंगडीच्या काठाला येक टाका घाल. आन जे जाईल त्याचाबी घालत जा!"

तो मेंढपाळ नुसता हसला. त्याला वाटलं, कुणी तरी हरलेला जळून बोलतोय.

"आवं, पाच आला की," ठकू हळूच म्हणाली.

"आला," धुळा म्हणाला, "आन ह्या घटकेला पुन्यांदा दारात जाऊन हुबा राहिला. त्याच्या जोडीला बाकीचे पाचबी. चल, गवत संपंल."

त्या वर्षी खालच्या कुरणात उशिरा पोचलेल्या त्या कळपाला अर्धंपोटी दिवस काढावे लागले, पण एकही मेंढरू दगावलं नाही. हळूहळू कळप पुन्हा वाढला. पुढे कित्येक वर्षं धुळा वर्षातून दोनदा त्या नांद्रुकीवरून गेला. फासेवाला "या पाव्हणं" म्हणायचा, खळग्यांतला कुठला ना कुठला आकडा मागे राहिलेला असायचाच, आणि धुळ्याचा हात थोडासा शिवशिवायचाच. मग तो घोंगडीचा काठ चाचपायचा आणि चालत राहायचा. ती घोंगडी विरली तेव्हा त्याने नवी घेतली, पण जुन्या घोंगडीचा काठ टाक्यांसकट कापून नवीला जोडला. आणि ती तो अशी पांघरायचा, की पांढरे टाके पाठीवर न जाता छातीवर येतील.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: फाशाला काल काय पडलं ते आठवत नाही, म्हणून आपण काल काय हरलो ते आपल्यालाच आठवावं लागतं.